अमृता शेर-गिल

अमृता शेर-गिल (जन्म : बुडापेस्ट, हंगेरी, ३० जानेवारी १९१३; मृत्यू : लाहोर, ५ डिसेंबर १९४१) या आधुनिक भारतीय चित्रकलेच्या आरंभकाळातील एक अग्रगण्य चित्रकार होत्या. पॅरिस येथे तैलचित्रणाचे रीतसर शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी भारतातील सामान्य जीवन, विशेषतः स्त्रीजीवन, हा आपल्या चित्रांचा मुख्य विषय केला. अवघ्या अठ्ठावीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी जे चित्रकार्य केले, त्याची गणना आज राष्ट्रीय कलाठेव्यात होते. त्यांच्या चित्रांतील बसलेल्या, मौन धरलेल्या स्त्रिया हा भारतीय आधुनिक कलेतील एक ठळक आकृतिबंध मानला जातो. या मालिकेतील सर्वांत परिचित चित्र 'तीन मुली' (१९३५) हे असून त्यास १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले.

जन्म व बालपण

अमृता यांचे वडील उमरावसिंग शेर-गिल हे पंजाबातील मजिठिया या शीख सरदार घराण्यातील होते. संस्कृत व फारसी या भाषांचे ते अभ्यासक होते आणि छायाचित्रणाचा त्यांना मोठा नाद होता. त्यांनी काढलेली कुटुंबाची असंख्य छायाचित्रे अमृता यांच्या चरित्राचे एक महत्त्वाचे साधन ठरली आहेत. आई मारी अँत्वानेत गॉट्समन या हंगेरियन असून संगीताच्या जाणकार होत्या. धाकटी बहीण इंदिरा हिचा जन्म १९१४ चा. सुप्रसिद्ध चित्रकार विवान सुंदरम हे इंदिरा यांचे पुत्र होत.

पहिल्या महायुद्धामुळे कुटुंबाला हंगेरीतच राहावे लागले. १९२१ मध्ये शेर-गिल कुटुंब भारतात आले व सिमला येथे स्थायिक झाले. अमृता यांना लहानपणापासून रेखाटनाची ओढ होती. १९२४ मध्ये काही काळ त्यांना इटलीतील फ्लॉरेन्स येथील शाळेत ठेवण्यात आले. तथापि तेथील शिस्त न मानवल्याने त्या लवकरच परतल्या. त्यांचे मामा एर्विन बाक्ताय हे भारतविद्येचे अभ्यासक होते व स्वतः चित्रकलाही शिकले होते. भाचीचे गुण त्यांनी ओळखले आणि प्रत्यक्ष व्यक्तीला समोर बसवून रेखाटन करण्याची सवय तिला लावली. बसलेल्या माणसाकडे तासन्‌तास पाहण्याचा हा अभ्यास पुढे त्यांच्या कलेचा पाया ठरला.

पॅरिसमधील शिक्षण

१९२९ मध्ये अमृता पॅरिसला गेल्या. प्रथम ग्राँद शोमिएर या कलाशाळेत पिएर व्हायाँ यांच्याकडे आणि नंतर एकोल दे बोझार या नामांकित संस्थेत ल्युसियाँ सिमाँ यांच्या हाताखाली त्यांनी सुमारे पाच वर्षे अध्ययन केले. या काळात त्यांनी मैत्रिणींची, व्यावसायिक मॉडेलांची आणि स्वतःची अनेक व्यक्तिचित्रे रंगविली. सेझान व गोगँ या चित्रकारांचा प्रभाव त्यांनी याच काळात आत्मसात केला. वस्तूचा घाट रंगांच्या ठोस पृष्ठांनी कसा उभा करावा हे सेझानकडून, तर सपाट रंगक्षेत्रे आणि ठसठशीत बाह्यरेषा यांचे बळ गोगँकडून त्यांना उमगले.

१९३२ मध्ये रंगविलेल्या 'तरुणी' या चित्राने त्यांना प्रथम कीर्ती मिळवून दिली. १९३३ मध्ये पॅरिसच्या ग्राँ सालाँ या प्रदर्शनात त्यास सुवर्णपदक मिळाले आणि त्या संस्थेच्या सहसदस्य म्हणून अमृता यांची निवड झाली. या चित्रात दोन तरुणी समोरासमोर बसलेल्या आहेत. त्यांपैकी एक अमृता यांची बहीण इंदिरा आणि दुसरी त्यांची फ्रेंच मैत्रीण. कपड्यांचा पोत, अंगावर पडलेला प्रकाश, खोलीतील वस्तू, मोकळे सोडलेले केस हे सारे त्यांत तपशिलाने आले आहे. प्रेक्षकाला ती खोली ओळखता येते व त्या दोघींचा स्वभावही अजमावता येतो. हे चित्र निर्विवादपणे कुशल आहे. परंतु ते युरोपीय वास्तववादी परंपरेच्या चौकटीत राहते. अवघ्या तीन वर्षांनी रंगविलेल्या 'तीन मुली'शी त्याची तुलना केली म्हणजे अमृता यांनी मधल्या काळात काय काय टाकून दिले, हे ध्यानात येते.

भारतात पुनरागमन

१९३४ च्या अखेरीस अमृता भारतात परतल्या. आपले चित्रकार म्हणून भवितव्य भारतातच आहे, अशी त्यांची धारणा झाली होती. त्या वेळी भारतातील कलाक्षेत्रात मुख्यतः दोन प्रवाह होते. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेसारख्या संस्थांतून शिकविली जाणारी यथार्थदर्शी चित्रणाची पद्धत हा एक. आणि बंगालमध्ये उदयास आलेली, पौराणिक व ऐतिहासिक विषयांकडे वळलेली पुनरुज्जीवनवादी शैली हा दुसरा. या दोहोंपैकी एकही वाट अमृता यांना मानवली नाही. पहिलीत केवळ हुबेहूबपणा, तर दुसरीत भूतकाळाविषयीचा हळवेपणा त्यांना जाणवला.

स्वतःविषयीचा त्यांचा विश्वास दृढ होता. १९३५ मध्ये सिमला येथील कलासंस्थेने त्यांची काही चित्रे नाकारली व प्रदर्शनात घेतलेल्या एका चित्रास पारितोषिक दिले. निवडीची ही दृष्टीच अमान्य असल्याने त्यांनी ते पारितोषिक परत केले. याच वर्षी 'तीन मुली', 'डोंगरी स्त्रिया', 'डोंगरी पुरुष' ही त्यांची महत्त्वाची चित्रे साकार झाली.

'तीन मुली' : चित्राचे स्वरूप

'तीन मुली' हे कॅनव्हासवरील तैलचित्र नवी दिल्ली येथील राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे. त्यासाठी बसलेल्या मुली शेर-गिल यांच्या नात्यातील होत्या. चित्रात तिघी एकमेकींना खेटून बसल्या आहेत. वस्त्रे पंजाबी धाटणीची, रंग उबदार आणि गडद. पार्श्वभूमी जवळजवळ रिकामी आहे. घर, अंगण, खिडकी, भांडे, दागिन्यांचा थाट यांपैकी काहीच नाही. हात कोणत्याही कामात गुंतलेले नाहीत. तिघी इतक्या जवळ असूनही कोणी कोणाकडे पाहत नाही, आणि प्रेक्षकाकडेही पाहत नाही.

महाराष्ट्रातील घराघरांत त्या काळी राजा रविवर्मा यांच्या शिळाछापांचा मोठा प्रसार होता. रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना सुरू केला व पुढे तो लोणावळ्याजवळील मळवली येथे हलविला. त्यांच्या चित्रांतील स्त्री नऊवारीच्या काठापदरासह, अलंकारांसह आणि बहुधा एखाद्या कथाप्रसंगासह येते. ती शकुंतला आहे की दमयंती, ती कोणाची वाट पाहते आहे, हे प्रेक्षकाला ठाऊक असते किंवा चित्रातूनच कळते. 'तीन मुली' या चित्रात असा कथाप्रसंग नाही. मुलींची नावे चित्राच्या शीर्षकात नाहीत आणि त्या कशाचा विचार करीत आहेत, हे सांगणारी कोणतीही खूण चित्रकर्तीने ठेवलेली नाही.

अमूर्तीकरण व आकलन

'अमूर्त चित्र' आणि 'अमूर्तीकरण' या दोन संज्ञांत भेद करणे येथे आवश्यक आहे. अमूर्त चित्रात ओळखता येण्याजोगी आकृतीच नसते. अमूर्तीकरणात आकृती राहते. मात्र तिच्यातील गौण तपशील वगळून घाट, रेषा व रंग यांचे सार तेवढे ठेवले जाते. अमृता शेर-गिल पूर्ण अमूर्ततेकडे कधीच गेल्या नाहीत. त्यांनी दुसरी वाट पत्करली व ती आयुष्याच्या अखेरपर्यंत उत्तरोत्तर अधिक निर्धाराने चोखाळली.

बसलेल्या व्यक्तीचे पारंपरिक व्यक्तिचित्र प्रामुख्याने दोन गोष्टी सांगते : ही व्यक्ती कोण आहे आणि समाजात तिचे स्थान काय आहे. चेहऱ्याचे साम्य पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते. वस्त्रे, आसन व भोवतालच्या वस्तू दुसऱ्याचे. 'तीन मुली' या चित्रात ही दोन्ही उत्तरे जाणूनबुजून क्षीण केली आहेत. त्यामुळे प्रेक्षकाचे लक्ष उरलेल्या गोष्टींकडे वळते. खाली झुकलेली दृष्टी, खांद्यांचा उतार, शरीरांची जवळीक व मनांचा दुरावा, आणि या सर्वांना वेढणारी रिकामी जागा हीच या चित्राची भाषा होय. रंगांचे कार्यही असेच आहे. वस्त्रांचे रंग सणासुदीला शोभावेत असे आहेत आणि मुद्रा मात्र निरानंद आहेत. या विसंगतीतून चित्रातील ताण निर्माण होतो.

या चित्राचा अर्थ अभ्यासकांनी निरनिराळ्या प्रकारे लावला आहे. सर्वाधिक रूढ अर्थानुसार, या मुली आपल्या हाती नसलेल्या भवितव्याची वाट पाहत आहेत. विवाह कोणाशी व केव्हा व्हावा, शिकावे की न शिकावे, हे त्या काळच्या मुलींसाठी इतरांनी ठरविले जाई. दुसऱ्या मतानुसार हे चित्र भारतीय दैन्याचे चित्रण आहे. तथापि हे मत 'डोंगरी स्त्रिया' या चित्रास जितके लागू पडते, तितके 'तीन मुली' या चित्रास पडत नाही. कारण मुली सुस्थितीतील घरातल्या होत्या आणि त्यांच्या वस्त्रांतही दारिद्र्याची खूण नाही. चित्रातील उदासीनता गरिबीची नसून पराधीनतेची आहे आणि ती संपन्न घराच्या उंबरठ्याआतही असू शकते, हे या चित्राने दाखविलेले सत्य अधिक अस्वस्थ करणारे आहे. आणखी एका मतानुसार दोन संस्कृतींत वाढलेल्या चित्रकर्तीचे एकाकीपणच या मुलींच्या रूपाने व्यक्त झाले आहे. या मताला त्यांच्या चरित्राचा आधार मिळतो. परंतु चित्राबाहेरील माहिती वजा केली, तर केवळ चित्रातून ते सिद्ध करता येत नाही.

अर्थ लावताना चित्रात जे नाही, ते नसण्याचे कारण शोधणे ही या चित्राच्या आकलनाची गुरुकिल्ली ठरते. प्रसंग नसल्यामुळे प्रतीक्षा कोणत्याही एका घटनेपुरती मर्यादित राहत नाही. स्थळ नसल्यामुळे ती अमृतसरच्या एका घरापुरती राहत नाही. नावे नसल्यामुळे ती या तिघींपुरतीही उरत नाही. तपशिलाचा हा त्याग कोरडेपणातून आलेला नाही. तो सहानुभूतीचा विस्तार आहे.

मुंबईतील प्रदर्शन व सुवर्णपदक

१९३६ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात अमृता यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. या प्रवासात चित्रकार बरदा उकील त्यांच्यासोबत होते. मुंबईच्या मुक्कामात त्यांचा परिचय कार्ल खंडालावाला यांच्याशी झाला. खंडालावाला हे व्यवसायाने वकील व भारतीय लघुचित्रांचे मर्मज्ञ संग्राहक होते. राजपूत व पहाडी लघुचित्रांचे सौंदर्य त्यांनी अमृता यांच्या निदर्शनास आणून दिले. या दोघांत पुढे दीर्घकाळ पत्रव्यवहार चालला आणि अमृता यांच्या कलेचे पहिले गंभीर समर्थक म्हणून खंडालावाला यांचे नाव घेतले जाते.

१८८८ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे आर्ट सोसायटी ही त्या काळी पश्चिम भारतातील अत्यंत प्रतिष्ठित कलासंस्था होती. यथार्थदर्शी चित्रांचा व व्यक्तिचित्रांचा तिच्या वार्षिक प्रदर्शनांवर पगडा होता. १९३७ मध्ये तिने 'तीन मुली' या चित्रास सुवर्णपदक दिले. ज्या शहरात चेहऱ्याचे हुबेहूब साम्य ही चित्रकाराच्या कौशल्याची कसोटी मानली जात होती, तेथे साम्यापेक्षा साराला प्राधान्य देणाऱ्या चित्राचा असा गौरव व्हावा, ही भारतीय कलेतील बदलत्या अभिरुचीची लक्षणीय नोंद होय.

अजिंठा व दक्षिण भारत

मुंबईहून अमृता वेरूळ व अजिंठा येथे गेल्या. अजिंठ्याची लेणी इ. स. पूर्व दुसऱ्या शतकापासून इ. स. पाचव्या शतकापर्यंत खोदली गेली. १८१९ मध्ये ती आधुनिक जगाच्या पुन्हा दृष्टीस पडली आणि १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. या विद्यार्थ्यांचे काम मुळाबरहुकूम नक्कल उतरविण्याचे होते. अमृता यांनी तेथे विषय घेतले नाहीत वा नक्कलही केली नाही. त्यांनी तेथील रचनेचे तत्त्व घेतले. ठाशीव रेषा, मातकट रंगांची संगती, एकमेकींत गुंफलेल्या आकृतींचे समूह आणि सोळाव्या लेण्यातील 'मरणासन्न राजकन्या' या प्रसिद्ध चित्रात दिसणारी, केवळ देहाच्या ठेवणीतून दुःख व्यक्त करण्याची रीत हे अजिंठ्याच्या परंपरेचे विशेष होत. 'तीन मुली' हे चित्र या भेटीच्या आधीचे असल्यामुळे ते अजिंठ्याच्या प्रभावातून निर्माण झाले, असे म्हणता येत नाही. स्वतःच्या शोधात त्यांनी जी दिशा पकडली होती, तिला या मातीतील प्राचीन परंपरेचा दाखला अजिंठ्यात मिळाला, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

यानंतर त्या हैदराबादमार्गे दक्षिणेत त्रावणकोर, कोचीन व कन्याकुमारीपर्यंत गेल्या. मट्टनचेरी येथील राजवाड्यातील भित्तिचित्रांचाही त्यांनी अभ्यास केला. या प्रवासाचे फलित म्हणजे १९३७ मधील 'वधूचा शृंगार', 'ब्रह्मचारी' आणि 'बाजाराला निघालेले दक्षिण भारतीय खेडूत' ही तीन चित्रे. 'वधूचा शृंगार' या चित्रातही मध्यभागी बसलेली स्त्री आहे. भोवती तिला सजविणाऱ्या स्त्रिया असल्या तरी लग्नघरातील लगबग चित्रात कोठेही नाही. त्याच वर्षी लाहोर येथे भरलेल्या प्रदर्शनामुळे पंजाबच्या कलावर्तुळातही त्यांचे स्थान पक्के झाले.

विवाह व सराया येथील वास्तव्य

१९३८ मध्ये अमृता हंगेरीस गेल्या व तेथे आपले मावसभाऊ डॉ. व्हिक्टर एगन यांच्याशी त्यांनी विवाह केला. युद्धाचे सावट दाटल्याने १९३९ मध्ये हे दांपत्य भारतात आले आणि गोरखपूर जिल्ह्यातील सराया येथे राहू लागले. तेथे मजिठिया कुटुंबाची जमीनदारी व साखर कारखाना होता.

सराया येथील चित्रांत लघुचित्रांचा प्रभाव अधिक स्पष्ट होतो. आकृती लहान झाल्या, रंग अधिक प्रखर झाले आणि चेहऱ्यांतील तपशील आणखी कमी झाला. 'हळद दळणाऱ्या स्त्रिया' (१९४०) या चित्रात बसलेल्या स्त्रिया रंगांच्या ठिपक्यांसारख्या भासतात. त्यांना ओळखायचे ते बैठकीवरून व कामावरून. 'खाटेवर विसावलेली स्त्री' (१९४०) या चित्रात लाल वस्त्रांतील तरुणी खाटेवर पहुडली असून शेजारी दुसरी स्त्री पंखा घेऊन बसली आहे. कंटाळा, उष्मा व अव्यक्त इच्छा यांचे हे चित्रण त्या काळच्या भारतीय कलेत अपूर्व होते.

हा काळ त्यांना सुखाचा गेला नाही. एकांत, चित्रविक्रीतील अपयश आणि कलाविषयक संवादाचा अभाव यांमुळे त्या वारंवार निराश होत. १९४१ मध्ये पती-पत्नींनी लाहोरला बिऱ्हाड हलविले.

मृत्यू

लाहोर येथे डिसेंबर १९४१ मध्ये अमृता यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरावयाचे होते. त्याच्या काही दिवस आधी त्या अकस्मात आजारी पडल्या आणि ५ डिसेंबर रोजी त्यांचे निधन झाले. मृत्यूच्या कारणाविषयी चरित्रकारांत एकवाक्यता नाही. घराच्या गच्चीवरून दिसणारे दृश्य त्या रंगवीत होत्या. ते चित्र अपुरे राहिले. ठरलेले प्रदर्शन त्यांच्या पश्चात त्याच महिन्यात भरविण्यात आले.

टीका व मूल्यमापन

अमृता यांच्या हयातीत त्यांच्या चित्रांतील स्त्रिया कुरूप व खिन्न असल्याचा आक्षेप घेतला गेला. सौंदर्य म्हणजे गोडवा असे समीकरण मानणाऱ्या प्रेक्षकाला ही चित्रे रुचणे कठीण होते. पुढील काळात वेगळ्या दिशेने टीका झाली. सरदार घराण्यात जन्मलेल्या आणि युरोपात शिकलेल्या चित्रकर्तीने खेड्यातील दारिद्र्य दुरून पाहिले व त्याला कारुण्याचा मुलामा दिला, असा तिचा आशय आहे. ही टीका सर्वस्वी निराधार नाही. 'डोंगरी स्त्रिया' व तत्सम चित्रांत चित्रविषय व चित्रकर्ती यांमधील सामाजिक अंतर जाणवते. मात्र स्वतःच्या घरातील, स्वतःच्या वर्गातील मुलींकडे पाहतानाही त्यांना तेच मौन दिसले, ही बाब या टीकेच्या तोलात मांडणे न्याय्य ठरते.

वारसा

अमृता यांच्या निधनानंतर सहा वर्षांनी, १९४७ मध्ये, मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. पंढरपूर येथे जन्मलेले मकबूल फिदा हुसेन हे त्याचे एक सदस्य. त्यांच्या अनेक चित्रांतील स्त्रीला चेहराच नाही. तपशील गाळून स्त्रीप्रतिमेचे सार शोधण्याचा जो मार्ग अमृता यांनी भारतीय तैलचित्रणात रूढ केला, त्यावर पुढील पिढीने आपापल्या परीने आणखी मजल मारली.

कुटुंबीयांनी दिलेल्या चित्रांमुळे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे त्यांच्या कृतींचा मोठा संग्रह आहे. १९७६ मध्ये भारत सरकारने त्यांच्या चित्रांना राष्ट्रीय कलाठेव्याचा दर्जा दिला. त्यामुळे ती देशाबाहेर विकता येत नाहीत. १९७८ मध्ये 'डोंगरी स्त्रिया' या चित्राचे टपाल तिकीट प्रसिद्ध झाले. नवी दिल्लीतील एका मार्गास त्यांचे नाव देण्यात आले आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये 'कथाकार' (१९३७) हे त्यांचे चित्र ६१.८ कोटी रुपयांना विकले गेले. भारतीय चित्रासाठी लिलावात मिळालेली ती तोवरची सर्वाधिक किंमत होती. सराया येथे राहत असताना त्यांना चित्रांसाठी ग्राहक मिळत नव्हते.